रोजच्याच रस्त्यावर नेमकं बघायचं काय?

प्रश्न असा आहे: कोथरूडला घर, बाणेरला ऑफिस, काम ग्राफिक डिझाइनचं. दिवसभर स्क्रीनवर दुसऱ्यांची कामं रेफरन्स म्हणून चाळायची आणि संध्याकाळी स्वतःचं काही करायला बसलं की हात पुढे सरकत नाही. जो तो सांगतो, जरा थांबा, आजूबाजूला बघा. पण थांबून करायचं काय? रोज तोच रस्ता, तेच सिग्नल, तीच गर्दी, त्यात नवीन काय दिसणार? आणि एवढा वेळ आहे कुणाकडे?

मी पुस्तकांसाठी चित्रं काढतो आणि बरीच वर्षं शिकणाऱ्यांना वह्या घेऊन पुण्याच्या पेठांमधून फिरवतो. हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. माझं म्हणणं असं आहे, की नुसतं थांबल्याने काही सुचत नाही. थांबून समोरच्या एखाद्या गोष्टीला ‘हे असं का?’ असं विचारलं आणि काहीतरी उत्तर हाती लागेपर्यंत तिथून हललं नाही, तर सुचतं. मन शांत व्हावं म्हणून फिरायचं असेल तर तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर जावं, फार छान वाटतं. तुम्हाला मात्र काम सुचायला हवंय, आणि त्यासाठीचं बघणं ही मेहनत आहे. अर्ध्या तासात डोकं शिणतं. शिणलं नाही तर आपण बघत नव्हतो, नुसते उभे होतो, असं खुशाल समजा.

आधी एक करून बघा. खिशात हात न घालता दहा रुपयांचं नाणं कागदावर काढा. बाहेरचं कडं पिवळं आणि आतली चकती पांढरी, की उलट? आकडा कुठे? सिंह कुठल्या बाजूला? १९७९ मध्ये निकरसन आणि ॲडम्स या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत लोकांना एक सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं होतं. त्यावरच्या आठ मुख्य खुणांपैकी निम्म्यासुद्धा बहुतेकांना जागच्या जागी काढता आल्या नाहीत. जन्मभर हाताळलेलं नाणं होतं ते. पण नाणं ओळखायला रंग आणि आकारमान पुरतं, बाकीचं लक्षात ठेवून व्यवहारात काही फायदा नसतो, म्हणून मेंदू ते साठवतच नाही. तुमच्या कोथरूड-बाणेर रस्त्याचंही हेच झालंय. कुठे वळायचं आणि कुठे ब्रेक मारायचा एवढंच तुम्हाला माहीत आहे. रस्ता तुम्ही अजून बघितलेला नाही, त्यामुळे नव्या रस्त्याची गरजही नाही.

फोनबद्दल लगेच सांगून टाकतो. फोटो काढला की बघितल्यासारखं वाटतं आणि तिथेच बघणं संपतं. लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयात केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला होता तिथे आठवण शाबूत राहिली. यातून कामाची गोष्ट एवढीच, की फोटो काढायचाच असेल तर अख्ख्या वाड्याचा काढू नका, त्याच्या कडीचा काढा. आणि आधी वहीत रेघ ओढा, मग फोन बाहेर काढा.

आता ‘असं का’ म्हणजे काय ते दाखवतो.

सदाशिव किंवा नारायण पेठेत एखादा जुना वाडा पाडला, की नवी इमारत उभी राहीपर्यंत शेजारच्या घराची भिंत काही महिने उघडी पडते. पुढे पत्रे ठोकलेले असतात, पण फटीतून किंवा समोरच्या जिन्यावरून ती दिसते. लोक ‘गेला आणखी एक वाडा’ म्हणून हळहळतात आणि पुढे जातात. तुम्ही तिथे थांबा. अशा भिंतीइतकं शिकवणारं पुण्यात दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे.

भिंतीत एका ओळीत चौकोनी भोकं दिसतात. तिथे तुळयांची टोकं बसलेली होती, म्हणजे ती ओळ मजल्याची. एक दातेरी खूण तिरकी वर चढत जाते, तो जिना. खालच्या अंगाला एक कोनाडा आहे आणि त्याच्या माथ्यावर निमुळती होत गेलेली काजळी, म्हणजे तिथे दिवा लागत असे. शेजारच्या खोलीचा पोपटी ऑइल पेंट छातीच्या उंचीपर्यंतच आलाय आणि त्याच्या वर चुन्याची सफेदी आहे. सफेदीचे पोपडे निघालेत तिथे आतला थर निळसर दिसतो, कारण चुन्यात नीळ घालायची पद्धत होती. ऑइल पेंट छातीपर्यंतच का? कारण भिंत मळते ती तिथपर्यंत. मुलांचे हात, टेकून बसणाऱ्यांच्या डोक्याचं तेल, सगळं त्याच पट्ट्यात. पुसता येणारा रंग महाग, म्हणून तो लागेल तेवढाच लावला. आणखी खाली बघा: पायाशी काळा दगड, त्यावर विटा, मध्ये लाकडी खांबाची उभी खाच. काळ्या दगडातून ओल फारशी वर चढत नाही आणि विटा-लाकडाचं वरचं काम हलकं राहतं, म्हणून ही रचना. शनिवारवाडाही असाच बांधलेला, खाली दगड आणि वर वीट-लाकूड. म्हणून तर १८२८ च्या आगीत आतले मजले जळून गेले आणि आज आपल्याला तट, दरवाजे आणि जोती तेवढी बघायला मिळतात.

माझ्या एका विद्यार्थिनीने अशी एक भिंत ओळीने काही रविवार जाऊन काढली. पहिल्या दिवशी तिच्या वहीत नुसता एक मोठा आयत होता आणि ती म्हणाली, ‘सर, यात काढण्यासारखं काही नाहीये.’ तिला म्हटलं, वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या पहिल्या भोकापासून सुरू कर आणि प्रत्येक भोक मोज. मोजताना तिच्या लक्षात आलं की एका जागी दोन भोकांमधलं अंतर एकदम वाढलंय. तिथे मजला तोडून चौक मोकळा ठेवलेला असावा. तिथून पुढे तिला थांबवावं लागलं नाही. नंतर तिच्याकडे गाण्याच्या एका मैफलीच्या पोस्टरचं काम आलं. त्या पोस्टरमध्ये वाडा नव्हता, तुळई नव्हती, जुन्या पुण्याची आठवण करून देणारं काहीच नव्हतं. तिने त्या भिंतीतलं फक्त प्रमाण घेतलं: खालचा मोठा भाग गडद पोपटी, वर मळकट पांढरा, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे किंचित हललेली कड. रंगाऱ्याने दोरी न धरता अंदाजाने ओढलेली कड तशीच हलते. ती कड तिने वहीत इंचाइंचाने काढलेली होती, म्हणून पोस्टरवर ती खरी वाटत होती. संगणकात थरथरती रेघ कुणालाही आणता येते, पण ती कुठे थरथरते आणि कुठे सरळ होते हे बघितल्याशिवाय कळत नाही.

तुमच्या कामाच्या आणखी जवळची गोष्ट म्हणजे पाट्या. पुणेरी पाट्यांवरचा मजकूर सगळे वाचतात, त्यावर खूप बोलून झालंय, तो सोडा. अक्षर बघा. अप्पा बळवंत चौकातून रविवार पेठेकडे, बोहरी आळीच्या दिशेने चालत गेलात तर हाताने रंगवलेल्या पाट्या अजून सापडतात. त्यातला फक्त ‘ल’ धरा. जुन्या रंगाऱ्याचा ल मराठी वळणाचा असतो: दोन पाकळ्या, आणि उजवीकडे उभा दांडा नाही. शेजारच्या फ्लेक्सवर दांड्याचा हिंदी वळणाचा ल दिसेल. असं का? बऱ्याच फॉन्टांमध्ये मराठी रूप दिलेलं असतं, पण मजकुराची भाषा मराठी अशी निवडलेली नसेल तर संगणक दांड्याचं रूप देतो, आणि छापणाऱ्याला घाई असते. म्हणजे एका अक्षरात हात आणि यंत्र यांच्यातला बदल उभा आहे. आणखी जवळ जा. काही पाट्यांवर शिरोरेखेसाठी आखलेली बारीक रेघ रंगाखालून अजून दिसते. ब्रश कुठे टेकला आणि कुठे उचलला हे रंगाच्या जाडीवरून कळतं. ‘क’ची गाठ एका फटक्यात झाली की दोन, तेही कळतं. एका पाटीवरचा एकच शब्द वहीत मूळ मापाच्या प्रमाणात उतरवा. देवनागरी अक्षरांबद्दल तुम्हाला जेवढं कळेल तेवढं दहा फॉन्ट चाळून कळणार नाही. काही दुकानं अजून दुपारी बंद असतात, त्यांच्या पाट्यांसाठी ती वेळ फार सोयीची: शटर खाली, गिऱ्हाईक नाही, समोर उभं राहिलं तर कुणाच्या धंद्याला अडचण नाही.

डोळ्यांनीच बघायचं असंही नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत आधी ऐका. तांब्याच्या भांड्यावर मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोके देण्याचं काम, चालू असतं तेव्हा ठोक्यांचा आवाज सारखा राहत नाही, तो चढत जातो. तांबं ठोकलं की कडक होतं, आणि कडक पत्र्याचा आवाज वेगळा निघतो. फारच कडक झालं तर ठोकताना चिरण्याची भीती, म्हणून ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतात. भांड्यावरचे ते गोल चमकते ठसे शोभेसाठी असतात असं आपल्याला वाटतं. शोभा आहेच, पण त्या ठोक्यांनीच पातळ पत्र्याला बळ येतं. हे कळल्यावर मठाराचा नमुना कुठल्याही पाकिटावर सजावट म्हणून चिकटवायला हात धजत नाही. तो वापरायचा तर त्याला काहीतरी काम द्यावंसं वाटतं. माझ्या मते डिझायनरला जुन्या कारागिरांकडून घेण्यासारखं हेच आहे, नक्षी नव्हे. म्हणूनच सांगतो, पुण्याचं म्हणून काही करायचं झालं की पगडी आणि शनिवारवाड्याचा दरवाजा काढायची सवय कृपा करून सोडा.

तुम्ही म्हणाल, पेठा झाल्या, पण माझं आयुष्य बाणेरला काचेच्या इमारतीत जातं. तिथेही हेच करायचं. तुमच्या सोसायटीत जवळजवळ प्रत्येक बाल्कनीला कबुतरांची जाळी असेल. का? पारवे मुळात कड्याकपारीत राहणारे पक्षी. एसीचे कट्टे, डक्ट, खिडक्यांवरचे सज्जे म्हणजे त्यांच्यासाठी कपारीच, आणि इतक्या कपारी एका जागी त्यांना दुसरं कोण देणार? एकदा हे लक्षात आलं की अख्खी इमारत कड्यासारखी दिसायला लागते. पुलांच्या खालच्या बाजूला पाकोळी पक्ष्यांची घरटी असतात, तिथेही हाच हिशेब. जाळीचे चौकोन, त्यातून दिसणारे कपडे, खालच्या मजल्यावरची जाळी नवी हिरवी आणि वरची उन्हाने विटलेली, यातून आजच्या पुण्याचं एक उत्तम चित्र होऊ शकतं. अजून कुणी काढलेलं माझ्या बघण्यात नाही.

झाडाचं थोडक्यात. गाडी चालवताना इकडे-तिकडे अजिबात बघू नका. जिथे हमखास थांबावं लागतं असा एक सिग्नल निवडा आणि तिथलं एक झाड. बहावा किंवा ताम्हण मिळालं तर एप्रिल-मेमध्ये चैन आहे, पण पिंपळ सगळ्यात चांगला. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची कोवळी पानं तांबूस असतात आणि वारा पडलेला असतानाही हलतात, कारण देठ लांब आणि पान रुंद. तोच पिंपळ जुन्या भिंतीच्या चिरेत उगवलेला दिसतो. पक्षी फळं खातात, बी त्यांच्या विष्ठेतून चिरेत पडतं. कुणी मुद्दाम लावायला जात नाही आणि उपटायलाही लोक कचरतात. एका झाडाकडे वर्षभर बघितलंत तर रंगांची एक पट्टी तुमची स्वतःची तयार होते.

उजेडाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण तो कुणी बघतच नाही. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर एक दिवस दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली नाहीशी होते. तिथून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारचा सूर्य माथ्याच्या जरासा उत्तरेला असतो. एरवी उत्तरेच्या भिंतीला मधल्या वेळेत ऊन मिळत नाही. या दिवसांत मात्र तिच्यावर ते वरून, जवळजवळ घासून उतरतं. अशा उजेडात गिलाव्यातला प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खिळा, पूर्वी उतरवलेल्या पाटीची कडसुद्धा उठून दिसते. पाऊस सुरू होईपर्यंतचे तेवढे थोडे दिवस मिळतात. तुमच्या इमारतीची उत्तरेची भिंत कुठली हे तुम्हाला माहीत आहे का? मेमध्ये जेवणाच्या सुट्टीत खाली उतरून एकदा बघा. टोपी घालून.

सुट्टीच्या दिवशी राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा, पण सगळं बघू नका. दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे कवी. त्यांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हा संग्रह उभा केला. गावोगाव फिरून त्यांनी जमवलं काय, तर अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकघरातली भांडी. वीस हजारांवर वस्तू, आणि त्यांतला थोडाच भाग मांडलेला असतो. एका कवीला घरातल्या अडगळीत हे दिसलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. तुम्ही एकच कपाट धरा, म्हणजे वज्रींचं. पायाची टाच घासायच्या वस्तूवर कुणी पक्षी का बसवला असेल? वज्री पकडून बघितल्याची कल्पना करा. ओल्या हातातून ती निसटू नये म्हणून वर धरायला काहीतरी उंच, गोलसर हवं. पक्ष्याच्या अंगात तो आकार आयताच मिळतो. गरज आधी आणि पक्षी मागून, असा माझा अंदाज. तुमचा वेगळा निघाला तर फारच छान, फक्त तो वस्तूकडे बघून निघालेला हवा.

वहीत काय लिहायचं, असाही प्रश्न असतो. चित्र चांगलं येणं महत्त्वाचं नाही. पानाच्या डाव्या बाजूला दिसतं ते काढा, उजव्या बाजूला ‘का’ आणि त्याखाली तुमचं उत्तर, चुकलं तरी चालेल. ‘सुंदर’, ‘जुनं’, ‘उदास’ असले शब्द वहीत लिहू नका, त्यांनी पान भरतं आणि डोळा मिटतो. ‘खालून तिसऱ्या पायरीची कड डाव्या बाजूला जास्त झिजली’ असं लिहा. डाव्या बाजूला का? खालून बघताना जी डावी बाजू, ती उतरणाऱ्याची उजवी. तिकडे भिंत असेल तर उतरणारा माणूस आधाराला कुठला हात लावतो ते करून बघा.

आणि त्या वहीतून लगेच काम काढायला जाऊ नका. संध्याकाळी बघितलं आणि रात्री त्याचा लोगो केला, की तो देखावाच होतो. वही काही आठवडे तशीच भरत जाऊ दे. नवं काम हाती आलं की मागची पानं चाळा, आणि वस्तू न घेता तिच्यातलं नातं उचला: दोन रंगांचं प्रमाण, भोकांमधलं बदलणारं अंतर, चढत जाणारा ठोका. रेफरन्स बोर्ड, म्हणजे दुसऱ्यांच्या कामांचा जमवलेला संग्रह, बंद करा असं मी म्हणणार नाही, व्यवसायात तो लागतो. पण तो वहीनंतर उघडा. आधी उघडला तर वहीतलं सगळं फिकं वाटतं, कारण बोर्डावरचं आधीच कुणीतरी तासून-पॉलिश करून ठेवलेलं असतं.

वेळेचं म्हणाल तर आठवड्यातून दोनदा अर्धा तास पुरे. एक ऑफिसच्या जवळ, एक पेठेत, आणि जागा निदान महिनाभर बदलायची नाही. वही बिनरेघांची आणि खिशात मावेल अशी घ्या, महागाची नको, नाहीतर पान खराब होईल म्हणून रेघ ओढायची भीती वाटते. खोडरबर घरी ठेवा. सुरुवातीला साधं बॉलपेन सगळ्यात चांगलं. पावसाळ्यात जेल पेन नेऊ नका, भुरभुर पावसातही शाई फुटते. तेव्हा मऊ पेन्सिल बरी.

पेठेत पंधरा मिनिटं एका जागी उभं राहिलात की कुणीतरी येऊन विचारणारच, ‘काय काढताय? बिल्डरकडून आलात का?’ वही उघडून दाखवा आणि खरं ते सांगा. कारागिराच्या दारात बसायचं असेल तर आधी विचारा, त्याच्या उजेडात येऊ नका आणि त्याच्या चेहऱ्याचा फोटो न विचारता काढू नका. विचारणाऱ्यांमध्ये एखादे आजोबा असतील तर त्यांना तुमचा ‘का’ विचारा. तो जिना कुठे जात होता, चौकात काय होतं, ती भिंत पोपटी कधी झाली, हे त्यांना बहुधा माहीत असतं. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उजव्या बाजूला लिहून घ्या, आणि तारीख टाका.